चष्मा लावून खग्रास

"बुधवार, अकरा ऑगस्ट एकोणीसशे नव्व्याण्णव रोजी दुपारी बारा वाजून तेहतीस मिनिटांनी इमारतीच्या मागील अंगणात खग्रास सूर्यग्रहण होईल. सर्व रहिवाशांनी वेळेवर उपस्थित राहावे."

जिन्याखालच्या फलकावर ही सूचना लागली, तेव्हा वाचणाऱ्याला वाटावं की ग्रहण श्वेंकसाहेबांनीच मंजूर केलंय. खाली त्यांची सही होती, सहीखाली तारीख आणि तारखेखाली पट्टीने ओढलेली रेघ. ट्राउगोट श्वेंक भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. अडतीस वर्षं त्यांनी श्टुटगार्टजवळच्या गाइसेलहोफेनच्या लोकांची कुंपणं सरळ केली. मोजायला जमीन उरली नाही तेव्हा ते राहत्या इमारतीकडे वळले. इमारतीत बिऱ्हाडं चार. त्यांचा कारभार श्वेंकसाहेबांकडे कोणी दिला, हे कोणालाच आठवत नव्हतं. पण तो त्यांच्याकडून काढून घ्यायची छातीही कोणाची नव्हती.

ग्रहणाचं वेड मात्र त्यांचं नव्हे, त्यांच्या बायकोचं. हेडविगचं आणि ग्रहणाचं जुनं देणंघेणं होतं. एकसष्ट साली फेब्रुवारीत इटलीत खग्रास ग्रहण दिसणार होतं. लग्नाला तेव्हा महिनाच झाला होता. हेडविग म्हणाली होती, "ट्राउगोट, फ्लोरेन्सला जाऊ या. मधुचंद्रही होईल आणि ग्रहणही." ट्राउगोटने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाला, "त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली आहे."

गेले नाहीत. त्या भागात पाळी म्हणजे पाळी. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. मग आठवडाभर जिना, तळघर, अंगण आणि रस्त्यापर्यंतची फरशी त्याने झाडायची. पाटी दाराला टांगलेली असताना इटलीला जाणं म्हणजे चालू लग्नातून नवरदेवानं उठून जाण्यापैकी होतं.

तेव्हापासून हेडविगनं काही मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे हवं नव्हतं असं मात्र नाही. वर्तमानपत्रात कुठं सहारात, कुठं सैबेरियात ग्रहण झाल्याची बातमी आली की ती दोनदा वाचायची आणि घडी घालून ठेवायची. आणि आता, बासष्टाव्या वर्षी, ग्रहण स्वतःहून तिच्या अंगणात येत होतं. दोन मिनिटं सतरा सेकंद. गाइसेलहोफेनमध्ये पुन्हा यायला त्याला ब्याऐंशी वर्षं लागणार होती.

"मला फक्त ती दोन मिनिटं बघायचीयेत," ती नवऱ्याला म्हणाली. "शांतपणे. बाकी काही नको."

"मी सगळी व्यवस्था करतो," श्वेंकसाहेब म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.

व्यवस्थेची सुरुवात औषधांच्या दुकानात झाली. तिथं पुठ्ठ्याच्या काळ्या चष्म्यांबरोबर एक माहितीपत्रक फुकट मिळत होतं. श्वेंकसाहेबांनी पाच चष्मे घेतले, पत्रक नगरपालिकेत नेलं आणि त्याच्या पाच प्रती काढल्या. दर्शनी बाजूच्याच. मागची बाजू त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली. कोरी बाजू असली की तिच्यावर वाणसामानाची यादी करता येते, आणि छापलेल्या अक्षरांवर यादी करणं म्हणजे कागदाची नासाडी. दर्शनी बाजूला जाड अक्षरांत काय ते आलंच होतं: सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, दृष्टी कायमची जाईल, चष्मा काढू नका.

त्यानंतर तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत सभा भरली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन त्स्विकर आले, दुसऱ्या मजल्यावरच्या बॉयर्लेबाई आल्या आणि माळ्यावरच्या खोलीत राहणारी इम्के पेटर्सन आली. इम्के हॅम्बुर्गची, ग्रंथालयात नोकरीला. उत्तरेकडची असल्यामुळे ती जिना झाडताना पायरीचे कोपरे सोडते, असं इमारतीचं एकमताने ठरलं होतं.

श्वेंकसाहेबांनी नियमावली वाचायला घेतली. कलमं होती नऊ.

"कलम दोन. चष्मा व्यक्तिगत आहे. तो दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याचा घेऊ नये. कलम तीन. खुर्च्या मजल्यांच्या क्रमाने लागतील. कलम चार. चष्मा एकदा लावला की ग्रहण पूर्ण सुटेपर्यंत, म्हणजे एक वाजून सत्तावन्न मिनिटांपर्यंत, कोणत्याही कारणाने काढू नये."

"शिंक आली तर?" त्स्विकरनी विचारलं.

"चष्म्यासकट शिंकावं."

"आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या तर?" बॉयर्लेबाई म्हणाल्या. त्या चर्चच्या गायकवृंदात होत्या आणि कशालाही टाळ्या वाजवायच्या.

"बारा एकोणसाठपर्यंत वाजवा. एक वाजल्यापासून दुपारची शांतता लागू होते. ग्रहण आहे म्हणून शांततेला सुट्टी नाही."

इम्केला हसू आवरेना. "श्वेंकसाहेब, सूर्याला पण एक प्रत दिलीत ना?"

"पेटर्सनबाई," श्वेंकसाहेब वाचायच्या चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या आठवड्यात पाळी तुमची आहे. अंगण सकाळी दहापर्यंत झाडून झालं पाहिजे. कोपऱ्यांसकट."

खरी अडचण सभेनंतर निघाली. श्वेंकसाहेबांनी दोरी, काठी आणि कोनमापक घेऊन बरोबर बारा तेहतीसला सूर्य कुठं असेल ते अंगणात मोजलं. बाकावरून नाशपतीचं झाड आड येत होतं. फरशीवरून शेजारच्यांचं धुराडं. सूर्य दिसणार होता तो एकाच जागेवरून, हिरवळीवरून. आणि हिरवळीच्या मधोमध पाटी होती: गवतावर पाऊल ठेवू नये. पाटी श्वेंकसाहेबांनी सत्त्याहत्तर साली स्वतःच्या हाताने रंगवली होती.

रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी हेडविग म्हणाली, "अरे, एक दिवस पाटी उपटून ठेव की."

"एकदा उपटली की तिला किंमत राहत नाही."

"मग काय करणार?"

केलं ते असं. गवताचा वापर करू द्यावा म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाने लेखी अर्ज करायचा. श्वेंकसाहेबांनी पहिला अर्ज स्वतःच स्वतःकडे केला, एक दिवस विचारार्थ ठेवला आणि मंजूर केला. अट एवढीच की गवतावर बूट घालून यायचं नाही. पायमोज्यांनी यायचं.

त्यानंतर चष्म्यांची तपासणी. आदल्या संध्याकाळी श्वेंकसाहेबांनी तळघरात साठ वॉटचा दिवा लावला, त्याच्यासमोर पाचही चष्मे ओळीने धरले आणि एकेकातून पंधरा पंधरा मिनिटं पाहिलं. चार उत्तीर्ण झाले. इम्केच्या चष्म्यात उजव्या डोळ्याच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

"भोक आहे," ते म्हणाले.

इम्केनं चष्मा उलटसुलट करून पाहिला. "मला तर दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच ते धोक्याचं." त्यांनी चष्म्याची कात्रीने दोन शकलं केली, म्हणजे चुकून कोणी वापरायला नको.

आता चष्मे कुठंच मिळत नव्हते. श्टुटगार्टपासून म्युनिकपर्यंत दुकानांच्या दारांवर 'चष्मे संपले' असे कागद लागले होते. हेडविगला फार वाईट वाटलं. "आम्ही दोघी एकाच चष्म्यातून पाहू ना," ती म्हणाली. "थोडा वेळ ती, थोडा वेळ मी."

"कलम दोन," श्वेंकसाहेब म्हणाले.

"पण मग तिनं काय करायचं?"

याचंही उत्तर तयार होतं. कलम सात: ज्याच्याकडे चष्मा नाही त्याने ग्रहणकाळात सूर्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. भिंतही त्यांनी ठरवून दिली. कचऱ्याचे डबे ठेवतात ती, अंगणाच्या टोकाची. "आणि उभ्याच आहात तर हातासरशी डब्यांमागचं झाडून घ्या. तिथं दोन आठवडे कोणी झाडलेलं नाही."

इम्केला चार शब्द सुनवावेसे वाटले. पण भाडेकरार नवा होता, आणि गाइसेलहोफेनमध्ये माळ्यावरची खोली मिळणं ग्रहणापेक्षा दुर्मीळ. तिने झाडू मागून घेतला.

बुधवार उजाडला तो पावसाने. आठ वाजता सरी, नऊला ढग, दहाला पुन्हा सरी. हेडविग खिडकीशी बसून राहिली. ब्रेत्सेल पावांना लोणी लावायचं होतं, बटाट्याचं सॅलड कालवायचं होतं, पण तिचा हात चालेना. अडतीस वर्षं थांबायचं आणि शेवटी ढग आडवे यायचे, हे तिला अन्यायाचं वाटत होतं. तिने ते बोलूनही दाखवलं. श्वेंकसाहेब म्हणाले, "नियमावलीत पावसासाठी कलम नऊ आहे. चष्मे कोरडे ठेवावेत."

सव्वाअकराला चंद्र सूर्यावर सरकू लागला असणार, पण दिसलं कोणालाच नाही. पावणेबाराला पश्चिमेकडून वारा सुटला. बाराला ढग फाटले. सव्वाबाराला नाशपतीच्या झाडावर निळंशार आभाळ उभं होतं, आणि त्यात कोर उरलेला सूर्य.

"आलं!" हेडविग ओरडली आणि लहान पोरीसारखी जिन्यावरून धावत सुटली.

हिरवळीवर चार खुर्च्या मजल्यांच्या क्रमाने लागल्या होत्या. चार माणसं बूट काढून, ओल्या गवतात मोजे भिजवत, पुठ्ठ्याचे चष्मे लावून बसली. मोज्यांतून गार पाणी वर चढत होतं, पण तक्रारीचं कलम नियमावलीत नव्हतं. अंगणाच्या टोकाला इम्के भिंतीकडे तोंड करून डब्यांमागे झाडू मारत होती. श्वेंकसाहेबांनी एकदा मागं वळून तिची दिशा तपासली, मगच ते खुर्चीवर बसले.

चष्म्यातून नारिंगी कोर दिसत होती. ती बारीक बारीक होत गेली. आधी काकडीची फोड, मग नखाची कड, मग दोरा. वारा गार झाला. धुराड्यावरचा काळा पक्षी ओरडायचा थांबला. रस्त्यावरचा दिवा आपोआप लागला.

"बारा बत्तीस," मगापासून मनात सेकंद मोजत असलेले श्वेंकसाहेब म्हणाले. "सर्वांनी चष्मे घट्ट धरा. आता सर्वांत धोक्याची वेळ!"

दोरा विझला. आणि चष्म्यात काहीही दिसेनासं झालं.

सगळं काळं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, अंगणभर, आभाळभर. हेडविगनं मान हलवून पाहिली. काळंच.

"ट्राउगोट," ती हळू आवाजात म्हणाली, "मला काही दिसत नाहीये."

"ग्रहण आहे. काळंच असायचं."

"पण सूर्याभोवती काहीतरी दिसतं म्हणे. पांढरं. मी वाचलंय. जरा चष्मा वर करून..."

"हेडविग!" श्वेंकसाहेब खुर्चीवरून उठले, चाचपडत तिच्या मागं आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तिचा चष्मा तिच्या चेहऱ्यावर दाबून धरला. त्यांना तिच्या डोळ्यांची काळजी होती, यात खोट नाही. डॉक्टरांनी मागच्याच वर्षी मोतीबिंदूची सुरुवात सांगितली होती. अडतीस वर्षांत त्यांनी तिच्यावर जे काही प्रेम केलं ते असंच, घट्ट दाबून धरून केलं होतं.

तेवढ्यात डब्यांकडून किंकाळी आली. "अहो बघा! बघा वर! चष्मे काढा!"

"भिंतीकडे तोंड करा, पेटर्सनबाई!" श्वेंकसाहेब अंधारात गरजले.

"अहो, चष्मे काढा म्हणते ना मी! श्वेंकबाई, काढा तो!"

बॉयर्लेबाईंचा हात चष्म्याकडे गेला असावा, कारण पुठ्ठा कुरकुरला. "कलम चार, बॉयर्लेबाई!" श्वेंकसाहेब म्हणाले. पुठ्ठा पुन्हा जागेवर बसला. त्स्विकर हललेच नाहीत. बत्तीस वर्षं पोस्टात काढलेली. वरून आलेलं पत्र उघडायचं नाही, एवढी शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती.

दोन मिनिटं सतरा सेकंद चार माणसं भिजल्या मोज्यांनी, आभाळाकडे तोंड करून, मिट्ट काळोखात बसून राहिली. हेडविगच्या डोळ्यांवर नवऱ्याचे तळवे होते. श्वेंकसाहेबांच्या तळव्यांना ओलसर लागलं, ते त्यांना पुठ्ठ्याला आलेला घाम वाटला.

मग चष्म्याच्या एका कडेला नारिंगी टिंब उमटलं. श्वेंकसाहेब जोरात म्हणाले, "बारा पस्तीस! अगदी वेळेवर!" बॉयर्लेबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि कोंबडा आरवला.

आता झालं असं की कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच दिसलं नाही, बाकीच्यांना दिसलं. त्स्विकर पोस्टमन असल्यामुळे बातमी आधी देण्याची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "तो मुकुट! काय तो मुकुट!" मुकुटाबद्दल त्यांनी रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं.

"हो ना," बॉयर्लेबाई म्हणाल्या, "मला तर त्यात पंख दिसले. देवदूतासारखे."

श्वेंकसाहेबांनी घसा साफ केला. "भव्य," ते म्हणाले. "अत्यंत भव्य."

हेडविगनं गवताकडे पाहत चष्म्याची घडी घातली. कलम चारनुसार अजून एक तास बावीस मिनिटं बाकी होती, पण आज पहिल्यांदा श्वेंकसाहेबांनी तिला टोकलं नाही.

इम्के झाडू हातात घेऊन आली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तुम्ही चष्मे का नाही काढलेत? मी ओरडत होते ना!"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या होतात का?"

"आधी होते. मग भिंतच काळी पडली. म्हणून वळले." तिने झाडू टाकून दिला आणि दोन्ही हातांनी दाखवू लागली. "इथं काळं भोक. अगदी काळं. आणि भोवती रेशमाच्या लडीसारखं पांढरं पसरलेलं, इथपर्यंत. कडेला तीन गुलाबी ठिपके. आणि खाली डावीकडे शुक्र. दिवसाढवळ्या! मला वाटलं, आता मेले तरी चालेल."

मग त्स्विकर म्हणाले, "तेच ते. आम्हीही तेच पाहिलं."

"गुलाबी," बॉयर्लेबाईंनी मान डोलावली. "मी म्हणणारच होते."

श्वेंकसाहेबांनी खिशातून वही काढली आणि मांडीवर ठेवून अहवाल लिहिला: ग्रहण नियोजित वेळेनुसार पार पडले. उपस्थित सर्व चष्माधारकांनी ते संपूर्ण व उत्तम प्रकारे पाहिले. त्याखाली त्यांनी सही केली, त्स्विकरनी केली, बॉयर्लेबाईंनी केली. वही हेडविगकडे आली. तिने पेन हातात घेतलं, कागद वाचला, पेन वहीवर ठेवलं.

"मी नंतर करते," ती म्हणाली आणि इम्केचा हात धरून आत गेली. "चल. कॉफी पिऊ. आणि मला पुन्हा सांग सगळं, पहिल्यापासून. आणि आजपासून मला हेडविग म्हणायचं, श्वेंकबाई नाही."

इमारतीत राहणाऱ्यांपैकी कोणालाही तिने इतक्या वर्षांत हे म्हटलेलं नव्हतं.

रात्री आठच्या बातम्यांत म्युनिक दाखवलं. मैदानात हजारो माणसं. अंधार पडताच सगळ्यांनी एकदम चष्मे काढले आणि एवढा मोठा चीत्कार उठला की श्वेंकांच्या टीव्हीवरची फुलदाणी थरथरली. पडद्यावर एक प्राध्यापक म्हणत होते, "खग्रास अवस्थेत चष्मा काढायचा असतो, नाहीतर काहीच दिसत नाही. हे सर्वांना ठाऊक आहेच."

श्वेंकसाहेबांनी आवाज कमी केला.

हेडविग उठली. कपाटात 'ग्रहण' असं लिहिलेली फाईल होती, तिच्यात औषधांच्या दुकानातलं मूळ पत्रक भोक पाडून नीट लावलेलं होतं. तिने ते उलटलं. मागच्या बाजूला चौकटीत, जाड अक्षरांत छापलेलं होतं: महत्त्वाचे! सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर चष्मा काढा. आयुष्यात एकदाच दिसणारे हे दृश्य उघड्या डोळ्यांनी पाहा.

मग तिने आपल्याला मिळालेली प्रत काढून उलटली. त्याच जागी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: बटाटे दोन किलो, कांदे, मोहरी, लोणी.

"मागं फक्त सामान्य माहिती असते," श्वेंकसाहेब म्हणाले. "नेहमी असतेच."

"तू वाचली होतीस?"

"दर्शनी भाग बंधनकारक असतो."

हेडविगनं दोन्ही कागद फाईलमध्ये परत लावले. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, पण तिने दोन्हींपैकी काही केलं नाही. "माझी अडतीस वर्षं, ट्राउगोट," एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली. श्वेंकसाहेब बराच वेळ बंद टीव्हीसमोर बसून होते. तोही काळाच होता.

महिन्याभरानंतर एका शनिवारी हेडविग बाजारातून आली ती पिशवीत एक जाड लिफाफा घेऊन. तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. श्वेंकसाहेबांनी उघडला. आत प्रवासी कंपनीचं पत्र होतं. एकवीस जून दोन हजार एक, खग्रास सूर्यग्रहण, झांबिया. दोन जागा नोंदवल्याची पोच.

"आफ्रिका!" ते म्हणाले. मग त्यांना जरा भरून आलं. हेडविगनं मनात अढी ठेवली नाही, हे त्यांना फार बरं वाटलं. "लांब आहे. पण जाऊ. पाळीचं काय ते मी त्स्विकरांशी बोलून अदलाबदल करतो." अडतीस वर्षांत पाळीची अदलाबदल करायला ते पहिल्यांदाच तयार झाले होते.

"तुला काही करायला नको," हेडविग कांदे काढून टोपलीत टाकत म्हणाली. "दुसरी जागा इम्केची आहे."

"आणि मी?"

"तुझं तर बघून झालंय."

श्वेंकसाहेबांनी पत्र पुन्हा वाचून पाहिलं. "कोण म्हणतं?"

"तूच. अहवालात. संपूर्ण व उत्तम प्रकारे. पाहिलेल्या माणसाला तेच बघायला पुन्हा एवढ्या लांब पाठवायचं, म्हणजे नासाडी नाही का?"

नासाडीचं नाव निघालं की त्या घरात विषय संपायचा आणि तो संपवण्याची रीत त्यांनीच घातली होती. दुपारी त्यांनी टाइपरायटर काढला आणि अहवालाला दुरुस्तीपत्र तयार केलं: 'पाहिले' याऐवजी 'पाहिले नाही' असे वाचावे. दुरुस्तीला सर्व सह्या करणाऱ्यांची संमती लागते, हे कलम त्यांचंच. कागद घेऊन ते खाली उतरले.

त्स्विकरनी दारातच वाचलं आणि परत दिलं. "मी नाही सही करणार. मी तर पाहिलं बुवा."

"त्स्विकर, तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. चष्मा लावून."

"मग? तुम्हाला नाही दिसलं?"

श्वेंकसाहेबांनी कागदाची घडी घातली. "तसं नाही..." ते म्हणाले.

"मग दुरुस्ती कसली करताय?" त्स्विकरनी दार लावून घेतलं.

बॉयर्लेबाईंनी तर कागद हातातच घेतला नाही. "नको हो! मी गायकवृंदात सांगून बसलेय. पाद्रीसाहेबांनी रविवारच्या प्रवचनात घेतलं ते पंखांचं. माझं नाव घेऊन. आता मी काय तोंड दाखवू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का, आठवून आठवून आता मला ते दिसायलाही लागलंय."

श्वेंकसाहेब घरात आले. हेडविगनं टेबलावर मोठा नकाशा पसरला होता आणि ती त्यावर वाकली होती. त्यांनी सह्यांविना राहिलेला कागद मागं लपवला. बायकोपासून त्यांनी लपवलेला हा पहिलाच कागद. मग दारातूनच म्हणाले, "हेडविग, मला काहीच दिसलं नव्हतं."

"माहितीय," ती नकाशावरून बोट न उचलता म्हणाली. "मलाही नाही. पण मी सही केली नव्हती."